परतीचे विमान आणि संसर्जनक्रम

परदेशस्थ रुग्णाचा केसपेपर लिहिताना प्रकृती, कोष्ठ, अग्नी, बल, वय यांची नोंद आपण सारेच काळजीपूर्वक करतो. परतीच्या विमानाची तारीख आणि त्या विमानाचा मार्ग या दोन गोष्टी मात्र सहसा लिहिल्या जात नाहीत. रुग्ण त्या सांगतो तेही चिकित्सा अर्ध्यावर आल्यावर, आणि बहुधा 'वैद्यराज, शनिवारी निघायचे आहे' अशा शब्दांत. या दोन नोंदी पहिल्याच दिवशी का घ्याव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भायखळा, लालबाग, परळ, गिरगाव, दादर या पट्ट्यातील चिकित्सालयांत असे रुग्ण दोन प्रकारचे येतात. पहिला प्रकार मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेस जाणाऱ्या ज्येष्ठांचा. दुसरा प्रकार चाळीत वाढून, शिकून न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या आणि तीन आठवड्यांच्या रजेत 'एकदा पंचकर्म करून घेऊ' म्हणणाऱ्या पिढीचा. पहिल्या प्रकारात औषधाच्या वेळेचा प्रश्न असतो, दुसऱ्यात शोधनानंतरच्या दिवसांचा. दोन्ही प्रश्नांचे मूळ दोन विमानतळांमधील अंतर व वेळ यांच्या गणितात आहे.

अंतर किती आणि वेळ किती

मुंबईकर अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. भायखळ्याहून दादर किती लांब असे विचारले तर उत्तर मिनिटांत मिळते, आणि त्याआधी 'धीम्या गाडीने की जलद?' हा प्रतिप्रश्न येतो. विमानप्रवासालाही हीच रीत लावावी.

मुंबई ते न्यू यॉर्क हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न्यूनतम अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशा पाहून हा मार्ग अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक असा सरळ पश्चिमेस जात असेल असे वाटते. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर वेगळेच दिसते. दोरा मुंबईहून वायव्येस चढतो, मध्य आशिया व रशियावरून सुमारे ६५ उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे उतरतो. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरूनच जाईल असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेस जाणारी अनेक उड्डाणे लांबली. २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाल्यावर त्यांच्या भारताकडील सेवांवरही परिणाम झाला. म्हणून गेल्या वर्षीच्या प्रवासाचे तास या वर्षी गृहीत धरू नयेत. रुग्णाकडून तिकीटच पाहून घ्यावे.

थेट विमानास मुंबईहून न्यू यॉर्कला जाताना सुमारे १६ तास लागतात, तर परत येताना एक ते दीड तास कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. दुबईमार्गे गेल्यास मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते न्यू यॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे एकूण अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढते. वेळ मात्र मधल्या विमानतळावरील थांब्यानुसार २० ते २४ तासांवर जाते. लंडनमार्गेही हिशेब तसाच: अंतर थोडेच अधिक, वेळ बरीच अधिक. चिकित्सकाच्या दृष्टीने किलोमीटरचा आकडा म्हणूनच गौण आहे. आसनावर बसून गेलेले तास आणि हुकलेले अन्नकाल हेच खरे माप.

त्यात विमानतळाच्या अलीकडची-पलीकडची भर घालावी. भायखळ्याहून सहारचा विमानतळ रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर. रहदारीनुसार पाऊण तास ते दीड तास. उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचायचे, उतरल्यावर पारपत्र तपासणी व सामान यांत दीड-दोन तास, आणि पुढे घरापर्यंतचा प्रवास. थेट विमानातही घर ते घर हिशेब बावीस-तेवीस तासांचा होतो.

मुंबईहून न्यू यॉर्कला मध्ये न उतरता जाणारी एअर इंडियाची सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. त्याआधी, १९६० पासून, लंडनमार्गे जावे लागे. आणि त्याही आधीचा प्रवासी बॅलार्ड पियरवरून बोटीने सुएझमार्गे निघून दोन-तीन आठवड्यांनी विलायतेस पोहोचत असे. आपल्या शास्त्रात ऋतुसंधीचा काळ चौदा दिवसांचा सांगितला आहे. पूर्वीची चर्या क्रमाने सोडावी, नवी क्रमाने धरावी, असा त्याचा आशय आहे. बोटीच्या प्रवाशाला हा संधिकाल आपोआप मिळे. त्याचे घड्याळ दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे सरके, डेकवर फिरणे होई, भोजन ठरल्या वेळी मिळे. विमानाच्या प्रवाशाच्या बाबतीत साडेनऊ-दहा तासांचे स्थित्यंतर एका रात्रीत घडते. शरीर ते सामान्यतः दिवसाला सुमारे एक तास या गतीने स्वीकारते, हा सर्वमान्य ठोकताळा आहे.

औषधाची वेळ घड्याळाची नव्हे, अन्नाची

न्यू यॉर्क भारताच्या मागे आहे: तेथील उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. समजा, जून महिन्यात एक मधुमेही आजी मुंबईहून पहाटे दोनच्या थेट विमानाने निघाल्या. सोळा तासांनी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी सहाला, त्या उतरतात. तेथे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. तिकिटावरील दोन आकडे पाहिले तर साडेसहा तासच गेले असे भासते. आजींनी निघताना रात्री दहाला औषध घेतले आणि पुढची मात्रा 'सकाळी' म्हणून न्यू यॉर्कच्या घड्याळाने नऊला घेतली, तर दोन मात्रांमध्ये साडेवीस तास गेलेले असतात. परतीच्या प्रवासात उलट होते. तेथून दुपारी बाराला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मुंबईस पोहोचते. कागदावर चोवीस तास, देहाला साडेचौदा.

येथे आपल्या शास्त्रातील औषधसेवनकालाचा विचार फार उपयोगी ठरतो. सुश्रुतांनी सांगितलेले दहा काल पाहिले तर त्यांतील बहुतेक अन्नाशी बांधलेले आहेत: प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त, अंतराभक्त, सभक्त, सामुद्ग, सग्रास, ग्रासांतर. 'सकाळी आठ, रात्री आठ' ही भाषा आपण लेबलासाठी उचलली. मूळ व्यवस्था अशी नव्हती. लांब उड्डाणात ही मूळ व्यवस्थाच अधिक निर्धोक आहे. रुग्णाला घड्याळ न सांगता 'विमानात पहिले जेवण आले की त्याच्या पहिल्या घासाबरोबर हे, उतरण्यापूर्वीच्या खाण्यानंतर ते' असे सांगावे. दोन जेवणांमधील अंतर सहा तासांपेक्षा कमी असेल तर मधली मात्रा गाळण्यास सांगावे. मात्र रुग्ण इन्सुलिन, रक्तदाबाचे किंवा रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेत असेल तर त्याचे वेळापत्रक संबंधित डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावयास हवे. तो विषय आपण अंदाजाने हाताळू नये.

रथक्षोभ नाही, पण अत्यासन आहे

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अखेरच्या अध्यायात शोधनोत्तर रुग्णाने टाळावयाचे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. उच्चभाष्य, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण, अहितभोजन, दिवास्वाप व मैथुन हे ते आठ. यांतील रथक्षोभ या शब्दावर आपण थांबतो आणि विमानात धक्के बसत नाहीत म्हणून तो लागू नाही असे ठरवून मोकळे होतो. परंतु लगेचच अत्यासनही सांगितले आहे, आणि कटी, पृष्ठ, वंक्षण येथील वेदना त्याच्या लक्षणांत येतात. सोळा तासांचे उड्डाण हे अत्यासनाचे शुद्ध उदाहरण होय. त्याच्या सोबतीला अवेळी येणारे भोजन, खंडित निद्रा व दिवास्वाप असतात. आठांपैकी चार-पाच भाव एकाच तिकिटात खरेदी केलेले असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

विमानाच्या आतील वातावरणही ध्यानात घ्यावे. तेथील हवेचा दाब जमिनीवरील नसून साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरील असतो. त्यामुळे उदरातील वायू सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांशाने प्रसरण पावतो. आनाह व आध्मानाची प्रवृत्ती असणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली असते. मे महिन्यातील भायखळ्याच्या दमट हवेतून निघालेल्या देहासाठी हा बदल रूक्ष गुणाचा तीव्र प्रयोगच होय. निघण्याआधीच्या जेवणात डाळी, उसळी व सोडायुक्त पेये टाळणे, नाकात तिळतेल किंवा अणुतैलाचा प्रतिमर्श नस्य, आणि घोटघोट कोमट पाणी एवढे उपाय पुरे होतात.

अधारणीय वेगांचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. मधल्या आसनावर बसलेली संकोची गृहिणी शेजाऱ्यास उठवावे लागेल म्हणून मूत्रवेग रोखते, आणि तो येऊच नये म्हणून पाणी पीत नाही. म्हणजे तृष्णा व मूत्र असे दोन वेग एकदम. यावर काढा देण्याआधी मार्गिकेलगतचे आसन आरक्षित करण्यास सांगावे. विमान उतरताना कान दडपतात, तेव्हा जांभई देण्यानेच ते मोकळे होतात. जृंभा हा अधारणीय वेग का, याचे इतके चांगले प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना दुसरीकडे क्वचितच मिळेल.

एक सावधानता स्पष्ट शब्दांत नोंदवावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास वा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एकूण प्रमाण अल्प आहे, साधारण ६,००० प्रवाशांत एक. परंतु प्रवासानंतर दोन्ही पाय किंचित सुजणे वेगळे आणि एकाच पोटरीला सूज, वेदना व उष्णता असणे वेगळे. दुसऱ्या स्थितीत अभ्यंग वा मर्दन कदापि करू नये. त्यातच श्वासकष्ट असेल तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. विमानातून उतरलेला रुग्ण दुसऱ्याच दिवशी 'पाय चोळून द्या' म्हणत आपल्या दारात येतो, म्हणून हे सांगणे अवश्य वाटले.

एकवीस दिवसांचा हिशेब

आता मुख्य विषयाकडे येऊ. रजा एकवीस दिवसांची आहे. जाण्यायेण्यात दिनदर्शिकेचे तीन दिवस जातात, उरले अठरा. रुग्ण उतरला त्याच दिवशी स्नेहपान सुरू करणे योग्य नाही, कारण स्नेहाची मात्रा आपण जरणकालावरून ठरवतो: ह्रस्व मात्रा सहा तासांत, मध्यम बारा तासांत, उत्तम चोवीस तासांत जिरते. स्नेह जिरल्याची खूण क्षुधा. ज्याच्या देहात अजून न्यू यॉर्कचे घड्याळ चालू आहे त्याला भूक मध्यरात्री लागते आणि दुपारी बाराला झोप येते. अशा रुग्णाची क्षुधा हे स्नेहजीर्णाचे लक्षण मानून मात्रा वाढवली तर निर्णय चुकण्याचा संभव मोठा आहे. म्हणून किमान तीन दिवस स्थिरावण्यास द्यावेत; उरले पंधरा. दीपन-पाचन तीन दिवस, उरले बारा. स्नेहपान पाच दिवस, उरले सात. विरेचनापूर्वी अभ्यंग-स्वेदनाचे तीन दिवस, उरले चार. विरेचनाचा एक, उरले तीन. मध्यम शुद्धी झाली तर संसर्जनक्रम आठ अन्नकालांचा, म्हणजे पाच दिवसांचा. येथे हिशेब तुटतो. विलेपीवर असलेला रुग्ण विमानात बसतो आणि दोन-तीन तासांत त्याच्यापुढे पाव, लोणी, थंड फळे व पनीरची भाजी असलेले ताट येते.

हा रुग्ण घरी पोहोचल्यावर 'पंचकर्माने अशक्तपणा आला, पोट बिघडले' असे सांगतो, आणि ते खोटे नसते. मंदाग्नीवर अत्यासन, अहितभोजन व निद्राभंग यांचा एकत्रित आघात झालेला असतो. शोधन विधिपूर्वक होऊनही दोष शास्त्राच्या माथी येतो.

मार्ग काय? पहिला मार्ग पाचन व स्थिरावण्याचे दिवस एकत्र करण्याचा. दीपन-पाचनाला क्षुधेची सूक्ष्म परीक्षा लागत नाही. उलट विषमाग्नीला त्याने साहाय्यच होते. असे केल्यास तीन दिवस वाचतात, मध्यम शुद्धीचा संसर्जनक्रम पुरा होतो आणि एक दिवस हाती राहतो. प्रधान शुद्धी झाल्यास लागणारे बारा अन्नकाल व सात दिवस मात्र या रजेत बसत नाहीत. त्यामुळे उत्तम शुद्धीचे लक्ष्य ठेवावयाचे तर प्रस्थान पुढे ढकलण्याची तयारी रुग्णाकडून आधीच करून घ्यावी. दुसरा मार्ग पाचन तेथेच, निघण्यापूर्वी आठवडाभर सुरू करण्याचा. परिचित रुग्ण असेल आणि आधी फोनवर बोलणे झाले असेल तर हा उत्तम.

तिसरा मार्ग नकाराचा. चौदा दिवसांची रजा घेऊन, मध्ये दोन लग्ने आणि कोकणची एक फेरी ठरवून येणाऱ्यास स्नेहपूर्वक विरेचन देऊ नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्यास शमन द्यावे, अभ्यंग-स्वेदन द्यावे. बस्ती द्यावयाची झाल्यास तिचाही परिहारकाल बस्तीच्या दिवसांच्या दुप्पट आहे हे विसरू नये; आठ दिवसांचा बस्तीक्रम म्हणजे पुढचे सोळा दिवस. काही व्यवसायबंधू म्हणतात की आपण नाही म्हटले तर रुग्ण शेजारच्या 'पॅकेज'वाल्याकडे जाईल. जाईल खरा. परंतु पुढच्या वर्षी पाच आठवड्यांची सोय करून तो आपल्याकडे परत येण्याची शक्यताही तितकीच असते, आणि निदान या वर्षी त्याचा अग्नी आपल्या हातून बिघडलेला नसतो.

संसर्जनाच्या शेवटच्या दिवशी निघावेच लागले तर भाजलेल्या तांदळाचे व मुगाचे पीठ सैंधव, जिरे, सुंठ घालून लहान पाकिटात द्यावे. विमानात गरम पाणी मागून ते पेयेसारखे घेता येते. पीठ विमानातच संपवावे; उतरताना जवळ ठेवू नये, कारण अमेरिकेत प्रवाशांच्या सामानातील धान्याविषयी निर्बंध आहेत. विशेष भोजनाची नोंद विमान कंपनीकडे एक-दोन दिवस आधी करता येते, हेही सांगावे.

औषधालयधारकांसाठी

मार्गाचा प्रश्न औषध देणाऱ्यासही तितकाच लागू आहे. हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सामान्यतः चालत नाही. त्यामुळे आसव-अरिष्टे, तैले व काढे मोठ्या सामानातच जातात. हवेचा दाब तेथेही कमी होतो. गळ्यापर्यंत भरलेली बाटली पाझरते. थोडी जागा मोकळी ठेवून, झाकणास चिकटपट्टी लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी. अमेरिकेस जाणाऱ्या विमानांत हातातील ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक चूर्णाची २०१८ पासून वेगळी तपासणी होते. कागदाच्या बेनामी पुड्या तर देऊच नयेत. उत्पादकाचे लेबल असलेली बंद डबी, वैद्याची इंग्रजीतील चिठ्ठी आणि वनस्पतींची लॅटिन नावे एवढे असले की बहुतेक प्रश्न तेथेच संपतात.

दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्या रुग्णाबाबत अधिक दक्षता हवी. आखाती देशांचे अमली पदार्थविषयक कायदे कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत साध्या खसखशीसही बंदी आहे. जातीफलादी चूर्णात भांग असते, कर्पूर रसात अहिफेन. ग्रहणीच्या रुग्णास आपण ही औषधे सहज देतो. विजया वा अहिफेन असलेला कोणताही कल्प विदेशी जाणाऱ्या रुग्णाच्या सामानात, मार्ग कोणताही असो, देऊ नये. त्याच्या जागी कुटज, बिल्व, मुस्ता यांचे कल्प पुरेसे आहेत.

रसौषधींचा प्रश्न वेगळा आहे. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळले होते. २००८ च्या पुढील अभ्यासातही प्रमाण सुमारे एकपंचमांशच निघाले. त्या निष्कर्षांवर आपल्या क्षेत्रात पुष्कळ वाद झाले आणि भस्मांच्या शास्त्रोक्त निर्मितीचा मुद्दा त्यात रास्तपणे मांडला गेला. तथापि तेथील डॉक्टर रुग्णाच्या रक्तातील शिसे मोजतो तेव्हा त्याच्यासमोर आपला वाद नसतो, आकडा असतो. केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीपूर्वी जड धातूंची तपासणी भारत सरकारने २००६ पासून आवश्यक केली. असा चाचणी अहवाल ज्या उत्पादकाकडे मिळतो त्याचेच औषध सहा महिन्यांसाठी निघालेल्या आजींच्या पेटीत द्यावे, आणि अहवालाची प्रत चिठ्ठीस जोडावी.